कंपवात : रोजच्या दिवसाशी जुळवून घेताना

‘सकारात्मक राहा’ हे सांगायला काय जातं! कंपवातात म्हणजे पार्किन्सन्समध्ये उदासी हा बऱ्याचदा आजाराचाच भाग असतो. मेंदूतल्या बदलांमुळे हातापायांबरोबर मनही मंदावतं. ते डॉक्टरांना सांगायचं, मनाचा कमकुवतपणा समजून लपवायचं नाही.

लंडनच्या जेम्स पार्किन्सन यांनी १८१७मध्ये या आजारावर निबंध लिहिला. हा आजार आजही बरा होत नाही, पण लेव्होडोपाच्या गोळीने हालचाली बऱ्याच सुधारतात. गोळीची वेळ काटेकोर हवी. प्रथिनांनी भरलेल्या जेवणासोबत घेतली, तर काहींना ती नीट लागू पडत नाही. खाजकुइलीच्या बियांतही लेव्होडोपा असतं, त्यामुळे डॉक्टरांना न विचारता तिचं चूर्ण घेणं म्हणजे परस्पर डोस वाढवणं.

चालताना, विशेषतः दारात, पाय जमिनीला खिळतात. अशा वेळी घरच्यांनी हात धरून ओढू नये. थांबायचं, वजन एका पायावरून दुसऱ्यावर न्यायचं आणि ‘एक-दोन’ म्हणत मोठं पाऊल टाकायचं. फरशीवर आडव्या रंगीत पट्ट्या चिकटवल्या तरी अनेकांचं पाऊल उचललं जातं. तालही असाच कामी येतो. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये २००१ साली या रुग्णांसाठी नृत्यवर्ग सुरू झाले. पुण्यात नर्तक हृषीकेश पवार यांनीही असे वर्ग घेतले. पुण्यातच रुग्ण आणि कुटुंबीयांचं पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे.

घरात एवढं करा : सदऱ्याला बटणांऐवजी वेल्क्रो, चहाचा कप अर्धाच भरलेला आणि ‘आवर लवकर’ला कायमची रजा.