मंदगतीत तापणारे एंजिन

नंदिनी नगर हे भिलाईच्या पोलाद कारखान्याला चुनखडी पुरविणाऱ्या खाणींचे गाव. येथून मोकळ्या रस्त्याने निघालेल्या मोटारीचा तापमानदर्शक काटा स्थिर राहतो आणि भिलाईच्या गर्दीत शिरताच वर चढतो, असे का व्हावे?

मोटार वेगात असता समोरून येणारा वारा रेडिएटरमधील पाणी निववितो. गती मंदावली की ते कार्य एकट्या पंख्यावर पडते. म्हणून प्रथम संशय पंख्याचा घ्यावा. मोटार उभी करून एंजिन चालू ठेवावे. काटा नेहमीच्या पातळीच्या वर चढूनही विजेचा पंखा फिरला नाही, तर फ्यूज, रिले, तापमान-संवेदक व पंख्याची मोटर तपासावी. पंखा फिरत असल्यास रेडिएटरच्या पत्र्यांत धूळ अडकली आहे काय, ते पाहावे.

वेगातही एंजिन तापत असेल, तर पाण्याची पातळी, थर्मोस्टॅट, पंप व नळ्या पाहाव्यात. चुनखडीच्या मुलखातील विहिरींचे पाणी बहुधा दुष्फेन असते. ते तापले की त्यातील चुना नळ्यांत साचतो. यास्तव शीतक द्रवात ऊर्ध्वपातित पाणीच मिसळावे.

काटा लाल रेषेला पोहोचताच एंजिन बंद करावे. अन्यथा सिलिंडरचे हेड वाकते. तापलेल्या रेडिएटरचे झाकण मात्र कदापि उघडू नये. दाब सुटताच उकळते पाणी उसळून मनुष्य भाजतो.