गटारांना पावसाची वर्दी

26 जुलै 2005 हा दिवस मुंबईकर विसरलेले नाहीत. त्या 24 तासांत सांताक्रूझच्या पर्जन्यमापकाने 944 मिलिमीटर पाऊस नोंदवला, तर कुलाब्याला जेमतेम 73 मिलिमीटर! म्हणजे एका ठिकाणचा पर्जन्यमापक पाहून साऱ्या शहराचा पाऊस सांगता येत नाही.

पॅरिससारख्या जुन्या शहरांना ही अडचण फार नडते. तेथे बऱ्याच भागांत घरांतले सांडपाणी आणि पावसाचे पाणी एकाच भुयारी गटारातून वाहते. जोराचा पाऊस आला की गटार तुडुंब भरते आणि मैलामिश्रित पाणी थेट नदीत सुटते. सीन नदीत पोहण्यावर 1923 पासून असलेली बंदी 2025 मध्ये उठली खरी. पण मोठ्या पावसानंतर पोहण्याच्या जागा बंद ठेवाव्या लागतात, त्या यामुळेच.

एक चौरस किलोमीटरवर अवघा 1 मिलिमीटर पाऊस म्हणजे 10 लाख लिटर पाणी. ते कोठे कोसळणार हे आधी कळले तर?

येथे रडार मदतीला येते. रडारने सोडलेल्या सूक्ष्मलहरींपैकी काही पावसाच्या थेंबांवर आपटून परततात. परतण्यास लागलेल्या वेळावरून पावसाचे अंतर समजते आणि परतलेल्या लहरींच्या जोरावरून पावसाचा जोर.

पण यात एक मेख आहे! थेंबाचा व्यास दुप्पट झाला, तर त्यातले पाणी 8 पट होते. रडारकडे परतणारी शक्ती मात्र 64 पट! म्हणजे थोडेसे टपोरे थेंबही रडारला फसवू शकतात. म्हणून रडारचा अंदाज जमिनीवरील पर्जन्यमापकांशी ताडून सुधारून घेतात. दोघे मिळून खरा हिशेब देतात.

पॅरिसलगतच्या सेन-सँ-दनी विभागाने 1980 च्या दशकातच रडारची चित्रे वापरायला सुरुवात केली. ढग कोणीकडे सरकत आहेत हे दिसले, की पाऊस पोहोचण्याआधी भूमिगत टाक्या रिकाम्या करता येतात, दरवाजे उघडझाप करून पाणी मोकळ्या गटाराकडे वळवता येते. पाऊस ओसरला की साठलेले पाणी सावकाश शुद्धीकरण केंद्राकडे सोडतात.

आता तुम्हीही एक प्रयोग करा. सरळ कडांचा एकेक डबा तुमच्या अंगणात आणि लांब राहणाऱ्या मित्राच्या अंगणात ठेवा. पाऊस थांबल्यावर पट्टीने पाणी मोजा. दोन्ही आकडे सारखे येतात का?