वावराच्या वाटेवरची डबलसीट

"वावरातच तं जायचं हाय, हेल्मेट कायले पाह्यजे?" अकोल्याच्या जुन्या शहरातून डाबकी रोडने किंवा बाळापूर नाक्याने बाहेर पडणाऱ्या कुणालाही विचारा, हेच उत्तर मिळेल. डांबरी सुटली की पोलीस नाही, ट्रक नाही, वेगही नाही. मग भ्यायचं कशाला? हा हिशेब चुकतो, आणि तो चुकला की सोसावं लागतं मागे बसलेल्याला.

पांदणीत गाडी हळू चालते, हे खरं. पण मागच्या सीटवरच्या माणसाचं डोकं जमिनीपासून साधारण दीड मीटरवर असतं. तेवढ्या उंचीवरून ते नुसतं पडलं तरी ताशी एकोणीस-वीस किलोमीटर वेगाने आपटतं. गाडी उभी असली तरीही. "खाली काळी माती, मऊच" असं म्हणणाऱ्याने एप्रिलमधल्या वाळलेल्या चाकोरीवर अनवाणी चालून पाहावं. त्या दिवसांत ढेकूळ आणि दगड यांत फार फरक राहत नाही.

आता धडक. धुऱ्याआडून रोही उडी मारतो, किंवा वळणावर ट्रॅक्टर समोर येतो. चालवणाऱ्याला तो दिसतो. तो ब्रेक दाबतो, हँडल आवळतो. मागे दोन्ही पाय एकाच बाजूला सोडून बसलेल्या बाईच्या एका हातात डबा, दुसऱ्यात विळा. तिला समोरचं काही दिसत नाही आणि धरायला हात मोकळा नाही. अंग सावरायच्या आत ती खाली पडते, पुष्कळदा डोक्याच्या मागच्या बाजूवर. मागच्यासाठी पकडायचा दांडा, पाय ठेवायची जागा आणि निम्मं चाक झाकणारं साडीगार्ड केंद्रीय मोटार वाहन नियम १२३ ने सक्तीचं केलं आहे. आपण मात्र गाडी 'बरी दिसावी' म्हणून साडीगार्डच आधी काढतो!

हेल्मेट चालवणाऱ्यापुरतं, हाही गैरसमजच. मोटार वाहन कायद्याचं कलम १२९ गाडीवरच्या चार वर्षांवरील प्रत्येकाला लागू आहे. जगभरच्या अभ्यासांचा एकत्रित निष्कर्ष असा की हेल्मेटमुळे डोक्याच्या दुखापतीचा धोका सुमारे ६९ टक्क्यांनी आणि मृत्यूचा ४२ टक्क्यांनी कमी होतो.

सगळ्यात घातक समजूत वेगळीच आहे: "उठून बसली, बोलली, म्हणजे काही झालं नाही." कवटी आणि मेंदूचं वेष्टण यांच्यामध्ये रक्त साचू लागलं, तर माणूस काही तास नीट बोलतो आणि मग ढासळतो. वांत्या, वाढत जाणारी डोकेदुखी, गुंगी, बोलण्यात गोंधळ, डोळ्याची एक बाहुली मोठी दिसणं, यातलं एकही लक्षण दिसलं तर घरी झोपवू नका. १०८ ला फोन करा, मोर्णा नदी ओलांडून सर्वोपचार रुग्णालय गाठा. मान दुखत असेल तर ओढून उठवू नका.

उरले कागद. "इन्शुरन्स आहे ना!" आहे, पण कोणता? नुसत्या थर्ड पार्टी पॉलिसीत दुचाकीवर मागे बसलेली व्यक्ती येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये स्पष्ट केलं. पॅकेज पॉलिसीत ती येते. विमा नियामकाने २००९ मध्ये कंपन्यांना तसं कळवलंही आहे. मालक-चालकाचं सक्तीचं अपघात कव्हरही मागच्याला लागू होत नाही. उलट, रस्ता सोडून अपघात झाला म्हणजे दावा बुडालाच, असंही नाही. लोकांचा वावर असलेली खासगी जागाही कायद्याने सार्वजनिक ठरू शकते, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने दिलेला आहे. तेव्हा पोलिसांत नोंद आणि पंचनामा टाळू नका.

शेतकरी कुटुंबाला गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेचाही आधार आहे: अपघाती मृत्यूला दोन लाख रुपये, एक हात किंवा पाय निकामी झाल्यास एक लाख. वय १० ते ७५. पण ही योजना सातबारावरचा शेतकरी आणि त्याच्या घरातली आणखी एक व्यक्ती यांच्यापुरती आहे. त्याच गाडीवर मागे बसून निंदायला निघालेली भूमिहीन मजूर बाई तिच्यात बसत नाही.