मुठीत मावणारी मोटार

शहापूर मागे पडले, की मुंबई-आग्रा रस्ता हळूहळू डोंगरांच्या कुशीत शिरू लागतो. मग कसारा येते. मुंबईची लोकल गाडी येथवरच धावते. पुढे सह्याद्रीची भिंत उभी राहते आणि थळघाटाची चढण सुरू होते. आज या चढणीवरून मोटारी न थबकता निघून जातात. पन्नास-साठ वर्षांपूर्वी तसे नव्हते. घाट चढताना गाड्या तापत, रेडिएटरमधील पाणी उकळू लागे आणि चालक गाडी कडेला घेऊन, बॉनेट उघडून उभा राही. इंजिन निवेपर्यंत आसपासच्या मुलांना ती गाडी डोळे भरून पाहावयास मिळे. ही फियाट, ही ॲम्बॅसेडर, ही हेरल्ड, अशी त्यांची ओळख पटत जाई. मग घरी येऊन तार वाकवावी, झिजलेल्या रबरी चपलेची चाके कापावी आणि तशीच गाडी अंगणात पळवावी!

त्या मोटारी आता घाटात दिसत नाहीत. फियाटचेच उदाहरण घ्या. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स या कंपनीच्या कुर्ला येथील कारखान्यात ती तयार होई. पुढे तिला ‘पद्मिनी’ हे नाव मिळाले. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सी म्हणजे बहुतेक याच गाड्या. कारखान्यातून त्या निघेनाशा झाल्या, आणि टॅक्सीला घालून दिलेली २० वर्षांची मुदतही संपली, तेव्हा ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईत एकही पद्मिनी टॅक्सी उरली नाही. ॲम्बॅसेडरचे उत्पादन २०१४ सालीच बंद झाले होते.

अशा गाड्या काही हौशी लोकांनी जपून ठेवल्या आहेत. परंतु खरी मोटार बाळगावयाची म्हणजे जागा हवी, पैसा हवा आणि घरात एक मिस्त्रीही हवा. म्हणून कित्येकांनी दुसरा मार्ग धरला. ते जुन्या खेळण्यांतील मोटारी जमवितात.

या खेळण्यांत धातूच्या ओतीव मोटारींचा मान मोठा. त्यांचा जन्म एका आगगाडीच्या निमित्ताने झाला. भोके असलेल्या पट्ट्या नटबोल्टांनी जोडून यंत्रे बनविण्याचा ‘मेकॅनो’ हा खेळ फ्रँक हॉर्नबी या इंग्रज गृहस्थाने शोधून काढला होता. लिव्हरपूल येथील त्याची कंपनी खेळण्यातील आगगाड्याही करी. त्या आगगाड्यांच्या शोभेकरिता १९३३ च्या अखेरीस कंपनीने काही छोट्या मोटारी विक्रीस आणल्या. मुलांना त्या इतक्या आवडल्या, की आगगाडीवाचूनही त्यांचा खप होऊ लागला. १९३४ साली त्यांना ‘डिंकी टॉइज’ हे नाव देण्यात आले.

पहिल्या मोटारी शिशाच्या होत्या. शिसे लवकर वितळते खरे. पण ते मऊ असते, आणि मुलांच्या तोंडात जाणाऱ्या वस्तूस तर ते मुळीच योग्य नाही, कारण ते विषारी आहे. लवकरच त्याची जागा जस्ताच्या मिश्रधातूने घेतली. या मिश्रधातूत शेकडा चार भागांच्या आसपास ॲल्युमिनिअम असते, तांबे व मॅग्नेशिअम अगदी थोडे, आणि बाकीचे सारे जस्त. शुद्ध जस्त वितळावयास सुमारे ४२० अंश सेल्सिअस उष्णता लागते. हे मिश्रण त्याहूनही कमी उष्णतेवर वितळते. पोलादाचा एक साचा दोन अर्धुकांत कोरलेला असतो. ती अर्धुके घट्ट मिटवून वितळलेला रस मोठ्या दाबाने आत सोडतात. दाबामुळे तो दाराच्या खाचेत, दिव्याच्या कडेत, जाळीच्या रेघारेघांत जाऊन बसतो आणि काही क्षणांत घट्ट होतो. साचा उघडला, की मोटारीचा सांगाडा बाहेर! मग कडेला आलेला जादा धातू काढावयाचा, रंग द्यावयाचा, आसावर चाके चढवावयाची आणि खाली तळाचा पत्रा ठोकून बसवावयाचा. मातीचा साचा ओतकामानंतर फोडावा लागतो. पोलादाच्या साच्यातून मात्र एकसारख्या हजारो मोटारी निघतात.

दुसऱ्या महायुद्धानंतर लंडनमध्ये लेस्ली स्मिथ आणि रॉडनी स्मिथ या दोन मित्रांनी १९४७ साली ‘लेस्नी’ नावाची कंपनी काढली. आडनाव एक असले, तरी ते एकमेकांचे नातेवाईक नव्हते. कंपनीचे नाव त्यांनी आपल्या नावांचे तुकडे जोडून बनविले. त्यांचा सहकारी जॅक ओडेल हा साचे बनविण्यात निष्णात होता. त्याच्या मुलीच्या शाळेत आगपेटीत मावेल एवढेच खेळणे आणण्याची परवानगी होती, असे सांगतात. ओडेलने तिच्यासाठी रस्ता दाबण्याच्या रोलरची इवलीशी पितळी प्रतिकृती केली. वर्गातील इतर मुलेही तशीच वस्तू मागू लागली! त्यातून १९५३ साली ‘मॅचबॉक्स’ मोटारी निघाल्या.

दोन्ही प्रकारांत एक फरक आहे. डिंकीच्या बऱ्याचशा मोटारी खऱ्या मोटारीच्या सुमारे ४३ व्या हिश्शाने बनविलेल्या असत. कुर्ल्याची फियाट लांबीला सुमारे ३९० सेंटिमीटर होती. ४३ ने भागा. उत्तर ९ सेंटिमीटरांच्या जवळ येईल. म्हणजे मोठ्या माणसाच्या तळहातावर ती बरोबर बसेल. मॅचबॉक्सच्या मोटारींना मात्र पेटीचे माप पाळावयाचे होते. त्यामुळे तेथे दुमजली बस आणि लहान मोटार जवळजवळ एकाच लांबीच्या दिसतात. काटेकोर संग्राहकास हे खटकते. मुलांना त्याचे काहीच वाटत नाही.

आपल्या देशात त्या काळी परदेशी खेळणी सहजासहजी मिळत नसत, कारण आयातीवर कडक निर्बंध होते. अशा वेळी एक विलक्षण गोष्ट घडली. लिव्हरपूलला वापरून झालेले डिंकीचे काही साचेच कलकत्त्यास आले. १९६० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात तेथील ॲटॅम्को या कंपनीने त्या साच्यांतून मोटारी ओतल्या आणि ‘निकी टॉइज’ या नावाने विकल्या. त्यांत ट्रायम्फ हेरल्ड होती. खरी हेरल्ड त्याच सुमारास मद्रास येथे ‘स्टँडर्ड हेरल्ड’ म्हणून तयार होत होती. तेव्हा परदेशी साच्यातून निघालेले हे खेळणे आपल्या रस्त्यावरील मोटारीचेच चित्र ठरले. साचे झिजलेले असल्याने निकीच्या मोटारींच्या रेषा जरा बोथट दिसतात, रंगही जाडसर असतो. पण आज जगभरचे संग्राहक त्यांचा शोध घेतात. लिव्हरपूलचा कारखाना तर १९७९ साली बंदच पडला.

जुनी मोटार हाती आली, की जाणता संग्राहक प्रथम ती उलटी करतो. तळाच्या पत्र्यावर नाव, गाव आणि पुष्कळदा क्रमांक उठविलेला असतो. मग तो चाके पाहतो: धातूची, रबरी की प्लॅस्टिकची? चाके व रंग मूळचे आहेत की मागाहून बदललेले? नवा रंग दिलेली मोटार दिसावयास सुरेख असली, तरी तिची किंमत उतरते. उलट, मूळची कागदी पेटी जवळ असेल, तर किंमत कितीतरी वाढते. ज्या पेटीला मुले पहिल्याच दिवशी फेकून देतात, तीच पुढे दुर्मीळ होते! म्हणून न खेळलेली, पेटीतून क्वचितच काढलेली मोटार सर्वांत महाग. ज्या खेळण्याशी कोणी खेळलेच नाही, त्याला खेळणे म्हणावे काय, हा वाद संग्राहकांत नेहमी चालतो. पुण्यात कोथरूड येथे १९९८ साली भाऊ जोशी यांनी उघडलेल्या लघु-रेल्वे संग्रहालयात याचे एक चांगले उत्तर सापडते. तेथे छोट्या आगगाड्या कपाटात उभ्या नसून रुळांवरून धावतात.

पेटीत झाकून ठेवल्याने मोटार वाचतेच, असेही नाही. जस्ताच्या मिश्रणात शिशाचा अगदी लहानसा अंश राहून गेला, तरी धातूला आतून रोग लागतो. ओलसर, उष्ण हवेत तो वाढतो. प्रथम रंगावर फोड येतात, पुढे सांगाडा फुगतो, चिरा पडतात आणि बोट लावताच त्याचा भुगा होतो. कसारा, शहापूर, मुरबाड या भागांत पावसाळ्यात कपाटातील पुस्तकांनाही बुरशी धरते. तेथे या मोटारी कोरड्या जागी व उन्हापासून दूर ठेवाव्या लागतात. पण मुळातच अशुद्ध असलेल्या धातूवर इलाज नाही. महायुद्धापूर्वीच्या कित्येक डिंकी मोटारी अशा रोगाने गेल्या. युद्धानंतर धातूच्या शुद्धतेकडे अधिक लक्ष देण्यात आले. म्हणून एखाद्या संग्राहकाच्या कपाटात १९३८ सालची मोटार आपल्या नीटनेटक्या पेटीत तडकून पडलेली दिसते, आणि शेजारीच कोणा मुलाने वर्षानुवर्षे भिंतीवर आपटलेली, नाकावरचा रंग उडालेली १९५५ सालची मोटार आपल्या चारही चाकांवर उभी असते.