बिऱ्हाडाला पत्ता हवा!

घरच्या घरी संकेतस्थळ मांडणे आता फारसे अवघड राहिलेले नाही. एखादा जुना संगणक घ्यावा, त्यावर ‘अपाची’सारखे फुकट मिळणारे सॉफ्टवेअर बसवावे, त्यात आपली पाने ठेवावीत, की झाले दुकान सुरू! माझ्या वडिलांनी जन्मभर वह्यांतून टिपलेले वऱ्हाडी शब्द मी असेच संगणकावर चढविले. बैठकीतल्या मोबाइलवर ते दिसले, मुलीच्या लॅपटॉपवर दिसले. पुण्याच्या बहिणीला मात्र काही केल्या दिसेनात. ज्यांच्यासाठी खटाटोप, ती माणसे बाहेरच!

कारण समजून घ्यायचे तर जुना वाडा डोळ्यांपुढे आणावा. आत दहा बिऱ्हाडे, पण रस्त्यावरचा दरवाजा एकच आणि घरक्रमांकही एकच. ‘विहिरीजवळची’, ‘जिन्याखालची’ ही खोल्यांची नावे वाड्यातल्यांनाच ठाऊक. आपला राऊटर घरातल्या यंत्रांना १९२.१६८ ने सुरू होणारे जे आकडे वाटतो, ते असेच जिन्याखालचे पत्ते. पुण्याच्या माणसाला ‘जिन्याखालची खोली’ एवढेच सांगून काय उपयोग? जिने तिकडेही आहेत!

म्हणून राऊटरला, म्हणजे दरवाजावरच्या दिवाणजींना, सांगून ठेवावे लागते की, ८० किंवा ४४३ क्रमांकाच्या पोर्टवर कुणी आले तर त्याला अमुक संगणकाकडे धाडा. यालाच पोर्ट फॉरवर्डिंग म्हणतात. त्या संगणकाचा आतला पत्ता कायमचा नेमून द्यावा आणि त्याच्या फायरवॉललाही तशी मुभा द्यावी.

हे सारे करूनही पुण्याला काही दिसेना. राऊटरचा बाहेरचा पत्ता पाहिला, तर तो १००.६४ ने सुरू होणारा! खरी गोम इथे आहे. इंटरनेटचा जुना पत्ता ३२ बिटांचा. सारे पत्ते मिळून सुमारे ४२९ कोटी. १९८१ मध्ये ही आखणी झाली तेव्हा ते अपार वाटले असतील. पण फेब्रुवारी २०११ मध्ये जागतिक कोठारातले शेवटचे गठ्ठे वाटून झाले. मग इंटरनेट पुरविणाऱ्या कंपन्या अनेक घरे एकाच पत्त्यामागे बसवू लागल्या, आणि त्या सोयीसाठी २०१२ मध्ये १००.६४ पासूनचा एक पट्टा राखून ठेवण्यात आला. म्हणजे आपला वाडाच दुसऱ्या मोठ्या वाड्याच्या पोटात! तिथले दिवाणजी कंपनीचे. ते आपले कशाला ऐकतील?

मला बोचले ते हेच. टिम बर्नर्स-ली यांनी १९९० च्या अखेरीस जिनिव्हाजवळच्या सर्न संस्थेत पहिले संकेतस्थळ चालविले, ते आपल्या मेजावरच्या संगणकावरूनच. यंत्र बंद करू नये अशी चिठ्ठीही त्यावर डकवली होती. ज्याच्यापाशी यंत्र तो यजमान, अशी ही मूळ रीत. आज आपण सारे नुसते पाहुणे! ‘घरगुती ग्राहकाला स्थिर पत्ता हवा कशाला?’ असे आमच्या कंपनीच्या गृहस्थांनी मलाच विचारले.

तरीही तो मागून पाहावा. पुष्कळदा जादा पैसे भरून मिळतो. दुसरी वाट १२८ बिटांच्या नव्या आय.पी.व्ही.६ पत्त्यांची. तिथे टंचाई नाही, पण पाहणाऱ्याकडेही ती सोय हवी. आम्ही तिसरी धरली, बोगद्याची: घरचा संगणक आपणहून बाहेरच्या एका सर्व्हरशी संबंध जोडून ठेवतो आणि पाहुणे त्या सर्व्हरमार्गे आत येतात. आतून बाहेर जाण्यास दिवाणजींची हरकत नसतेच! नाव देवनागरीतही घेता येते, ‘.भारत’ ही सोय ऑगस्ट २०१४ पासून आहे.

दार उघडले की चोरही चाचपून जातात. लागेल तेवढेच पोर्ट उघडावे, सॉफ्टवेअर अद्ययावत ठेवावे, आणि घरची बँकेची कागदपत्रे त्या संगणकावर मुळीच ठेवू नयेत. शिवाय मे महिन्यातले नागपूर विसरू नये. वीज गेली की संकेतस्थळही गेले; तेव्हा राऊटर आणि संगणक दोन्ही इन्व्हर्टरवर घ्यावेत. संगणक कूलरसमोर मात्र ठेवू नये. त्या ओल्या वाऱ्याने वाळ्याचा सुगंध येतो, पण यंत्राला गंज चढतो.