अर्धवट घराची राखण

साखरखेर्ड्याचे नाव इतिहासाच्या पुस्तकात एकदाच ठळकपणे येते. १७२४ च्या ऑक्टोबरात निजामउल्मुल्क आणि मुबारिझखान यांची इथे गाठ पडली, मुबारिझखान मारला गेला आणि दक्षिणेत निजामाचे बस्तान पक्के बसले. जिंकणाऱ्याने गावाला फत्तेखेर्डा असे नवे नाव दिले. पण लोकांनी आपली साखर काही सोडली नाही. मला आज सांगायची आहे ती गोष्ट मात्र लढाईची नव्हे. तीही ऑक्टोबरातलीच आहे, आणि तिचा निकाल पाण्याच्या एका ड्रमाने लावला.

माझ्या मामांनी जुने धाब्याचे घर पाडून त्या जागी नवे घर बांधायला काढले होते. दिवाळीचा दिवा नव्या घरातच लागला पाहिजे, असा मामींचा हट्ट. तेव्हा कामाला घाई होती, आणि घाईचे काम जसे दिसते तसेच ते दिसत होते. खाली दारांना पॉलिश चालू, वरच्या स्लॅबसाठी सेंट्रिंगच्या फळ्या आणि बल्ल्या उभ्या, आणि बाजूला गोठ्यावर नवे पत्रे टाकायचे म्हणून वेल्डिंगवाला लोखंडी अँगल जोडीत बसलेला. गोठ्यात कुटाराचा ढीग. पुढच्या खोलीला दार बसले होते, म्हणून नुकतेच काढलेले सोयाबीन पोती भरून तिथेच रचून ठेवले होते. पावसाचा भरवसा नाही, आणि भिजलेल्या सोयाबीनला बाजारात कोण विचारतो? म्हणजे घरासाठी घेतलेले कर्ज ज्यातून फेडायचे, ते पीकही त्याच अर्धवट घरात येऊन बसले होते.

पाचच्या सुमारास वेल्डिंगवाला आपले यंत्र उचलून गेला. पाठोपाठ गवंडी आणि बिगारीही गेले. आम्ही समोरच्या भाड्याच्या घरात जेवणे उरकून गप्पा मारीत बसलो होतो. आजी एकाएकी म्हणाली, "पोतं जळल्यावानी वास येऊन राह्यला."

मामा म्हणाले, "कोनी कचरा पेटवला असन, माय. झोप तू."

"कचरा अन् पोतं मले समजत नाही काय?"

आजी काही ऐकेना, तेव्हा तिच्या समाधानासाठी म्हणून आम्ही बॅटरी घेऊन निघालो. खालून काहीच दिसले नाही. जिना चढून वर गेलो तर कोपऱ्यात बारदानांचा ढीग लाल झालेला! स्लॅब टाकल्यावर खांबांना ओलावा राहावा म्हणून जी बारदाने गुंडाळतात, ती सुकून तिथे पडली होती. ज्वाळा अशी नव्हती. आतल्या आत निखारा सरकत होता आणि शेजारच्या फळीची कड काळी पडली होती. मी मोटार चालू करायला धावलो, तर गावातली लाईन गेलेली. बोअर असून नसल्यासारखी! पण सकाळी भिंतींवर मारायचे पाणी आदल्या संध्याकाळी ड्रममध्ये भरून ठेवायचे, अशी आमच्या कामावरच्या एका बिगारी बाईची सवय होती. त्या दोनशे लिटरच्या ड्रमातल्या पाच बादल्यांत प्रकरण मिटले. नुकसान म्हणाल तर चार बारदाने आणि एक फळी.

दुसऱ्या दिवशी वेल्डिंगवाल्याला विचारले. तो बिचारा गोरामोरा झाला. "मी निघालो तवा काईच नव्हतं, दादा."

तो खोटे बोलत नव्हता, आणि सगळी मेख तिथेच आहे. पोलाद सुमारे दीड हजार अंश सेल्सियसला वितळते. वेल्डिंगची किंवा ग्राइंडरची ठिणगी आपल्याला फुलबाजीसारखी दिसते; पण वेल्डिंगमधून उडतो तो वितळलेल्या धातूचा थेंब असतो. तो जमिनीवर आपटून उड्या मारीत जातो, फटीत शिरतो. अमेरिकेतील अग्निसुरक्षेच्या नियमावलीत या ठिणगीची कक्षा पस्तीस फूट धरली आहे. आमचा वेल्डिंगवाला भिंतीवर बसून अँगल जोडीत होता आणि ती बारदाने त्याच्यापासून फार तर दहा-बारा फुटांवर होती. ठिणगी बारदानात, भुशात किंवा कुटारात पडली की ती लगेच भडकत नाही, धुमसत राहते. माणसे कामावर असतात तोवर ती दिसत नाही, आणि दिसायला लागते तेव्हा माणसे नसतात. म्हणूनच त्या नियमावलीत काम संपल्यावर एका माणसाने नुसते पाहत बसावे असे सांगितले आहे. पूर्वी हा वेळ अर्धा तास होता, आता तो एक तास केला आहे. एक तास नुसते बसण्याची मजुरी कोण देणार, असे मामांनी विचारले. मी पुढच्या खोलीतल्या पोत्यांकडे बोट दाखवले.

वाचकहो, रिकाम्या प्लॉटला आग लागत नाही, आणि पुऱ्या झालेल्या घरात निदान माणसे असतात, नळ असतो, दारे असतात, वायरी भिंतीत असतात. या दोहोंच्या मधले जे चार-सहा महिने, त्यांत घराला आगीपासून वाचवणारी एकही गोष्ट तयार झालेली नसते आणि आग लावणारी प्रत्येक गोष्ट हजर असते. लाकूड, बारदान, थर्माकोल, प्लॅस्टिकच्या नळ्या, थिनरचे डबे, लोंबत्या वायरी, मजुरांचा स्टोव्ह आणि बिड्या. शिवाय ते घर रात्री कुणाचेच नसते. मालक म्हणतो गवंड्याचे काम, गवंडी म्हणतो मालकाचे घर.

ही काही फक्त खेड्यातल्या गबाळेपणाची गोष्ट आहे असे मात्र समजू नका. २१ जानेवारी २०२१ रोजी दुपारी पुण्याजवळ मांजरीला सीरम इन्स्टिट्यूटच्या आवारात आग लागली. साऱ्या जगाचे डोळे तेव्हा तिथल्या करोनाच्या लशीकडे लागलेले होते. लस सुखरूप आहे हे कळल्यावर लोकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. पण आग लागली होती ती काम चालू असलेल्या इमारतीला, आणि ती विझवल्यावर आत पाच कंत्राटी कामगारांचे मृतदेह सापडले. वेल्डिंगच्या ठिणगीने हे घडले असावे, असा प्राथमिक अंदाज त्या वेळी सांगण्यात आला. ज्या आवारात यंत्रे, पैसा आणि शहाणी माणसे यांपैकी कशाचीच वाण नव्हती, तिथली ही कथा!

परदेशातही असेच. पॅरिसचे नोत्र दाम हे प्रार्थनामंदिर १५ एप्रिल २०१९ रोजी जळाले, तेव्हा त्याच्या छपराची दुरुस्ती चालू होती. आगीचे नक्की कारण कधीच कळले नाही. पण पहिली सूचना वाजल्यावर पाहायला गेलेला रक्षक भलत्याच माळ्यावर चढला आणि अर्ध्या तासाच्या आसपास वेळ गेला, हे मात्र कळले. आठशे वर्षांचे लाकूड त्या अर्ध्या तासाला पुरे झाले. व्हेनिसचे फेनिचे हे नाट्यगृह २९ जानेवारी १९९६ रोजी जळाले. तिथेही डागडुजी चालली होती. काम वेळेत होणार नाही, दंड भरावा लागेल, या भीतीने विजेच्या कामावरच्या दोघांनीच ती आग लावली असे न्यायालयात शाबीत झाले. पण मला त्या हकिकतीतली दुसरीच गोष्ट विसरता येत नाही. व्हेनिस म्हणजे पाण्यात वसलेले गाव. आणि नेमका नाट्यगृहालगतचा कालवा त्या दिवसांत साफसफाईसाठी कोरडा केलेला होता. बंबाच्या होड्या जवळ येईनात! लाईन गेलेली असताना मी बोअरच्या बटणावर बोट ठेवून उभा होतो, तेव्हा ते व्हेनिस मला फार दूरचे वाटले नाही.

दिवाळी अंकात फटाक्यांचा विषय काढणे म्हणजे रसभंगच, पण काढतो. ९ फेब्रुवारी २००९ रोजी बीजिंगमध्ये कंदिलांच्या सणाची रात्र होती. सरकारी दूरचित्रवाणीच्या नव्या आवारात शोभेचे मोठे दारूकाम झाले, ते त्या संस्थेनेच मांडलेले. त्याच्या ठिणग्यांनी शेजारची पूर्ण होत आलेली उंच हॉटेलची इमारत पेटली आणि अग्निशमन दलाचा एक जवान प्राणास मुकला. आणि अगदी अलीकडे, २६ नोव्हेंबर २०२५ रोजी, हाँगकाँगमधील ताय पो येथे राहत्या लोकांच्या एकतीस मजली इमारतींना दुरुस्तीसाठी पराती बांधलेल्या असताना आग लागली. परातींवरची जाळी, खिडक्यांवर लावलेले फोमचे तक्ते, यांवरून ती एका इमारतीवरून दुसरीवर गेली. आठांपैकी सात इमारती पेटल्या, धोक्याच्या घंटा नीट वाजल्या नाहीत, आणि दीडशेहून अधिक माणसे गेली.

एवढ्या मोठ्या इमारतींपुढे मामांचे दोन मजली घर ते काय! पण मोठ्या इमारतीला निदान कायदा असतो. बांधकाम कामगारांच्या सुरक्षिततेसाठी १९९६ मध्ये केंद्राने जो कायदा केला, त्यातून स्वतःला राहण्यासाठी दहा लाखांपर्यंत खर्चून बांधलेले घर वगळलेले होते. २०२० च्या नव्या संहितेने ही मर्यादा पन्नास लाखांवर नेली. खेड्यातल्या घराकडे सरकारी निरीक्षक फिरकायचा नाही, हे त्यावरून समजावे. आणि बंब? १०१ किंवा ११२ ला फोन लागतो, तो आधी करावाच; पण बंब असतो नगरपालिकेच्या गावी. तो मेहकरहून निघो की चिखलीहून, तोवर जे काही व्हायचे ते होऊन चुकलेले असते. पहिली दहा मिनिटे गावाची.

त्या दहा मिनिटांसाठी लागते काय? फार नाही. बांधकामावर पाणी असतेच, कारण त्यावाचून सिमेंट पक्के होत नाही. ते संध्याकाळी संपवून जायचे नाही, ड्रम भरून आणि दोन बादल्या शेजारी ठेवून जायचे, इतकेच. विजेच्या आगीवर मात्र पाणी टाकू नये. आधी मेन स्विच पाडावा आणि वाळू टाकावी, आणि वाळूचा तर दारात ढीग पडलेला असतो. (कारखान्यांतून वाळूच्या लाल बादल्यांचा तळ गोल असतो, तो का ते ठाऊक आहे? बादली खाली टेकवता येऊ नये, म्हणजे कोणी ती दुसऱ्या कामाला पळवू नये, म्हणून. माणसाच्या स्वभावाची एवढी पक्की ओळख असलेली वस्तू मी दुसरी पाहिली नाही.) पावडरचे एखादे अग्निशामक नळकांडे घेतले तर उत्तमच; पण त्याचा काटा हिरव्यात आहे की नाही ते अधूनमधून पाहावे, आणि ते कसे चालवायचे हे निदान दोघांना तरी दाखवून ठेवावे.

पॉलिशवाल्याच्या चिंध्यांबद्दल दोन शब्द सांगितलेच पाहिजेत, कारण हे पुष्कळांना खरे वाटत नाही. आपल्याकडे जवस घरोघरी माहीत आहे. त्याचे तेल लाकडाला लावतात, लांबीतही घालतात. त्या तेलाच्या चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकला, तर तेल वाळता वाळता आपोआप तापते, आणि ठिणगीवाचूनही चिंध्या पेट घेतात. त्या मोकळ्या पसरून वाळवाव्यात किंवा पाण्यात बुडवून टाकाव्यात. थिनरचे डबे घट्ट झाकून स्वयंपाकाच्या जागेपासून दूर ठेवावेत. त्याची वाफ जमिनीलगत सरकत जाते आणि चूल गाठते.

राहता राहिली बाहेर पडण्याची वाट. १ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर आमच्याच भागात, सिंदखेड राजाजवळ पिंपळखुटा येथे, समृद्धी महामार्गावर एक खाजगी बस उलटून पेटली आणि पंचवीस जण जळून गेले. दार ज्या बाजूला होते, त्याच बाजूवर ती कोसळली होती. वाचले ते काच फोडून निघाले. त्या रात्रीनंतर या भागातल्या माणसाला दाराचे महत्त्व सांगायला नको. तरीही आमच्या जिन्यावर सिमेंटची पोती रचलेली होती, वरच्या मजल्यावर नांदेडकडचे एक मजूर कुटुंब दोन मुलांसह झोपत होते, आणि त्यांचा गॅस नेमका जिन्याच्या तोंडाशी होता. मी त्या पायऱ्यांवरून चार दिवस चढ-उतार केली होती. माझ्याही ते ध्यानात आले नाही. दुसऱ्या दिवशी ते कुटुंब खालच्या खोलीत आले, आणि पोती हलवण्यात गवंड्याची अर्धी सकाळ गेली. तो कुरकुरला, पण त्याने ती हलवली.

मामींचा दिवा त्या दिवाळीला नव्या घरात लागला नाही. वरचा स्लॅब पडायचा होता, फळ्या उभ्या होत्या. पणत्या समोरच्या भाड्याच्या ओट्यावर लावल्या आणि पोरांना रॉकेट उडवायला मामांनी शाळेच्या मैदानावर पिटाळले. मामी दोन दिवस गप्प होत्या.

भाऊबीज झाल्यावर वेल्डिंगवाला राहिलेले दोन अँगल जोडायला आला. कुटार आधीच हलवले होते, बारदाने भिजवून ठेवली होती. काम पाऊण तासात झाले. त्याने यंत्र बांधले, मग कोणी न सांगता ड्रमाजवळच्या दगडावर बसकण मारली आणि तंबाखू मळू लागला. मामाही शेजारी बसले. सोयाबीनच्या भावाचे बोलणे निघाले, ते पुष्कळ वेळ चालले, आणि चहा दोनदा झाला.