हक्क आठवीला संपतो, शिक्षण संपता कामा नये

विदर्भातल्या शाळा जूनच्या उत्तरार्धात उघडतात. यवतमाळ जिल्ह्यात तेव्हा पेरणीची धांदल असते. याच दिवसांत गावच्या जिल्हा परिषद शाळेतून सातवी-आठवी झालेली मुले टी.सी. घेऊन मोठ्या गावच्या हायस्कूलची वाट धरतात. दहावी-बारावीचा निकाल लागला की आपण गुणवंतांचे सत्कार करतो. ते झालेच पाहिजेत. पण जी मुले दहावीच्या परीक्षेपर्यंत पोहोचलीच नाहीत, त्यांचा हिशेब कोण ठेवतो? आमचे निरीक्षण असे की, आपली अनेक मुले दहावीच्या पेपरात हरत नाहीत. ती त्याआधीच, गावची शाळा सोडून हायस्कुलात रुळण्याच्या दोन वर्षांत हरवतात.

या दोन वर्षांत मुलाचे सारे जग बदलते. गावच्या शाळेत गुरुजींना त्याचे घर माहीत असते. दोन दिवस दिसला नाही तर निरोप येतो. हायस्कुलात दर तासाला नवे शिक्षक, वर्गात पाच-सहा गावांची मुले. नववीत गणिताचे दोन भाग. केळापूर, मारेगाव, झरी-जामणीकडच्या कोलाम पोडावरचे मूल घरी कोलामी बोलते. पुसद, दिग्रस, दारव्ह्याच्या तांड्यावरचे गोरमाटी बोलते. आपल्या वस्तीतल्या मुलाची भाषा मराठीच असते, पण पहिल्याच दिवशी "पूर्ण नाव सांग" म्हटल्यावर आडनाव ऐकून बदललेली नजर त्याला कळते. सकाळची एस.टी. चुकली की दिवस बुडाला. मुलीसाठी तर शाळेत नीट स्वच्छतागृह नसणे एवढे कारणही महिन्याचे चार दिवस घरी बसायला पुरते. असे चार-सहा महिने गेले की आपण म्हणतो, "पोराचं मन लागत नाही." मन लागावे अशी व्यवस्था कोणी केली होती, हा प्रश्न आपण विचारत नाही.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. 2002 च्या 86 व्या घटनादुरुस्तीने कलम 21-क आले आणि 6 ते 14 वयाच्या मुलांना शिक्षणाचा मूलभूत हक्क मिळाला. त्यासाठीचा 2009 चा कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला. पण त्याची हद्द आठवीपर्यंतच. शालेय पोषण आहार आठवीपर्यंत. सरकारी मोफत पाठ्यपुस्तके आणि गणवेश आठवीपर्यंत. खाजगी शाळेतल्या 25 टक्के राखीव जागेवर शिकणाऱ्या मुलाचे संरक्षणही आठवीपर्यंत. नववीला पालकाच्या हाती पूर्ण फीची पावती पडते. त्यात राज्याने 2023 मध्ये पाचवी व आठवीला वार्षिक परीक्षा आणली. फेरपरीक्षेतही नापास झाला तर तो त्याच वर्गात. म्हणजे अभ्यास जड होतो, अंतर वाढते, खर्च वाढतो, आणि नेमक्या त्याच वळणावर शासन आपला हात काढून घेते!

चौदा हा आकडा आला कोठून? संविधान सभेत 23 नोव्हेंबर 1948 रोजी यावर चर्चा झाली. मोफत व सक्तीचे शिक्षण प्राथमिक शिक्षणापुरतेच ठेवावे, अशी दुरुस्ती पुढे आली होती. बाबासाहेबांनी ती मान्य केली नाही. त्यांचा मुद्दा सरळ होता: चौदा वर्षांखालील मुलाला कामाला लावण्यास आपण बंदी घालत आहोत, तर त्या वयापर्यंत ते मूल शाळेतच असले पाहिजे. मजुरीचे वय आणि शाळेचे वय त्यांनी एकमेकांना बांधले. त्याआधी 12 मार्च 1927 रोजी मुंबई विधिमंडळात त्यांनी दाखवून दिले होते की, शाळेत दाखल होणाऱ्या शंभर मुलांपैकी अवघी अठरा चौथीपर्यंत पोहोचतात. तेव्हा गळती चौथीच्या आत होती, आज ती आठवीच्या पुढे सरकली. प्रश्न तोच आहे.

2016 मध्ये बालकामगार कायदा बदलला. 14 ते 18 वयाच्या मुलांना खाणी, स्फोटके आणि धोकादायक प्रक्रियांत कामाला लावता येत नाही. बाकी कामे खुली आहेत. पंधरा वर्षांचे पोर कापूस वेचायला, सोयाबीन सोंगायला गेले तर हा कायदा सहसा आड येत नाही. चौदा वर्षे पूर्ण झाली की शाळेचा हक्क संपतो आणि मजुरीचे दार उघडते. बाबासाहेबांचेच सूत्र पुढे न्यायचे, तर शिक्षणाचा हक्क अठराव्या वर्षापर्यंत गेला पाहिजे. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात 3 ते 18 वयोगटाची भाषा आहे. पण धोरण म्हणजे हक्क नव्हे. धोरण मोडले म्हणून न्यायालयात दाद मागणे कठीण असते. ही घटनादुरुस्तीची मागणी चळवळीने लावून धरली पाहिजे.

परंतु घटनादुरुस्ती होईपर्यंत या जूनमधले मूल थांबणार नाही. म्हणून जे आज आहे ते पदरात पाडून घ्यावे. टी.सी. अडवणाऱ्या मुख्याध्यापकाला सांगा की, 2009 च्या कायद्याच्या कलम 5 नुसार दाखला ताबडतोब द्यावा लागतो आणि दाखल्यावाचून आठवीचा प्रवेश अडवता येत नाही. टी.सी. हाती येताच जन्मतारीख आणि जातीची नोंद वाचा. नुसते "बौद्ध" लिहून मूळ जात सुटली तर पुढे जातीच्या दाखल्यासाठी आणि पडताळणीसाठी खेटे घालावे लागतात. शाळेत असताना होणारी दुरुस्ती शाळा सोडल्यावर फार अवघड होते. आठवीत राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्तीची परीक्षा असते. निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला 12,000 रुपये मिळतात. अनुसूचित जातीच्या नववी-दहावीच्या मुलांसाठी 2012 पासून केंद्राची मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्ती आहे. ग्रामीण मुलींना एस.टी.चा मोफत पास आहे. समाजकल्याणच्या शासकीय वसतिगृहांत आठवीपासून अर्ज करता येतो. यांतले किती अर्ज आपल्या वस्तीतून जातात?

प्रत्येक विहार समितीने एक वही घालावी. यंदा गावची शाळा कोणी सोडली, हायस्कुलात कोणी नाव घातले, दिवाळीनंतर कोण जात नाही, एवढेच तीत लिहावे. वेचणीच्या हंगामात जे नाव गळेल, त्या घरी दोघांनी जावे. एकदा नव्हे, मूल शाळेत परत जाईपर्यंत. वस्तीतल्या पदवीधरांनी आठवी-नववीच्या मुलांना विहारात संध्याकाळी तासभर गणित आणि इंग्रजी शिकवावे. शेजारच्या पोडावरचे, तांड्यावरचे मूल आले तर त्यालाही बसवावे. "शिका" हा शब्द बाबासाहेबांनी पहिला सांगितला, आणि त्याला आठवीची मर्यादा घातली नव्हती.

पुढच्या वर्षी गुणवंतांचा सत्कार जरूर करू. त्याच मंचावरून ही वहीही वाचून दाखवू. जी नावे दहावीपर्यंत पोहोचली नाहीत, त्यांचे उत्तर शासनाने द्यायचे आहे, तसेच आपणही.

जय भीम!